पिठलं की बटाट्याची भाजी?

सर्वांना नमस्कार. व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला पत्रातून विषय कळवला, तो असा: 'दिव्यांगांसाठी उन्हाळी शिबिर, एक सेवाकार्य'. मी विषय घेतला, पण 'सेवाकार्य' हा शब्द काढू का, असं विचारलं. त्यांनी लगेच हो म्हटलं, त्याबद्दल त्यांचे आभार. तो शब्द मला का नको होता, ते पुढे येईलच.

आम्ही दर मे महिन्यात सात दिवसांचं निवासी शिबिर घेतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा नसलेली मुलं येतात, बौद्धिक अक्षमता असलेली येतात, अपघातात मणक्याला इजा होऊन व्हीलचेअरवर आलेली मोठी माणसं येतात. गेल्या वर्षी सगळ्यांत धाकटा नऊ वर्षांचा होता आणि सगळ्यांत थोरल्या ताई एक्कावन्न वर्षांच्या. मोठ्यांना का घेता, असं पुष्कळ जण विचारतात. विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी सुटते. दिव्यांगांच्या कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळाली, नाही तर घर, खिडकी आणि टीव्ही. पंचविशीतल्या, चाळिशीतल्या माणसाला आठ दिवस घराबाहेर राहावंसं वाटत असेल, हे आपल्या लक्षातच येत नाही.

आता थोडा वेळ तुम्हाला फार लांब नेतो. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल नावाचे डोंगर आहेत. तिथे हंटर या गावाजवळ 1951 साली कॅम्प जेनेड नावाची छावणी सुरू झाली, दिव्यांग मुलांची आणि तरुणांची. तिथे जूडी ह्यूमन नावाची एक मुलगी नवव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात जायची. तिचा जन्म 1947 चा, आणि दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झालेला. बालवाडीत घालायला आई घेऊन गेली तर शाळेने दारातूनच परत पाठवलं. कारण काय, तर व्हीलचेअरमुळे आग लागली तर धोका! त्याच मुलीला छावणीत मात्र कुणी धोका म्हणत नव्हतं. खेळ होते, गाणी होती, रात्री उशिरापर्यंत गप्पा होत्या, प्रेमंही जमत होती.

पुढे ती तिथेच ताई म्हणून, म्हणजे मुलांची जबाबदारी घेणारी म्हणून काम करू लागली. 1971 च्या उन्हाळ्यात तिथे झालेलं व्हिडिओ चित्रण आजही उपलब्ध आहे. त्यातली एक सभा मी कितीदा पाहिली असेल! विषय एवढाच, की स्वयंपाक्याच्या सुट्टीच्या दिवशी आपण काय शिजवायचं. जूडी एकेकाला विचारतेय. कुणाला लासान्या हा इटालियन पदार्थ हवा, कुणाला अजिबात नको. दुसऱ्या एका बैठकीत आईवडिलांबद्दल बोलणं चाललंय. एका मुलीचे शब्द ऐकणाऱ्याला उमगत नाहीत, इतके जड येतात. पण तिचं पुरं होईपर्यंत सगळे थांबलेत. मध्ये कुणी वाक्य पूर्ण करून देत नाही. ही गोष्ट लहान वाटेल तुम्हाला. ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना ती किती मोठी आहे ते कळेल.

या सभांतून पुढे काय झालं, ते ऐका. अमेरिकेत 1973 साली कायदा झाला. त्याच्या 504 क्रमांकाच्या कलमात म्हटलं होतं, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कुणालाही अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. पण ते कलम अमलात आणायच्या नियमांवर सरकारची सही होईना. चार वर्षं गेली. 5 एप्रिल 1977 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक दिव्यांग माणसं आणि त्यांचे साथीदार शिरले आणि तिथेच राहिले. तीन आठवड्यांहून जास्त! टेलिफोन तोडले, तेव्हा कर्णबधिर आंदोलक खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप देत होते. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे लोक गरम जेवण आणून देत होते. जूडी ह्यूमन नेतृत्व करत होती, आणि जेनेडच्या छावणीतले तिचे सोबतीही आत होते. जरा विचार करा, कुणाला रात्री दोनदा कुशीवर वळवावं लागतं, नाही तर अंगाला जखमा होतात. कुणाला भरवावं लागतं. कुणाला लघवीची नळी. हॉस्पिटलातली खाट नाही, परिचारिका नाही. जमिनीवर गाद्या. हे निभलं, कारण ज्याचे हात चालतात त्याने भरवायचं, ज्याचे पाय चालतात त्याने आणून द्यायचं, ही सवय त्यांना छावणीत लागलेली होती. 28 एप्रिलला सही झाली. त्याच वर्षी पैशांअभावी जेनेड बंद पडलं, हे सांगताना मला आजही वाईट वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. पहिल्या वर्षी आम्ही एक शाळा भाड्याने घेतली. मैदान सुंदर, आंब्याची सावली, वर्ग हवेशीर. पहिल्याच सकाळी कळलं, की न्हाणीघराचं दार चोवीस इंचांचं आणि आमच्या बऱ्याच खुर्च्या सव्वीस इंची. सात मोठी माणसं दारापर्यंत खुर्चीत आणि तिथून पुढे दोघांच्या हातांवर. त्यातल्या एका गृहस्थांनी त्या दिवशी पाणीच प्यायलं नाही, पुन्हा उचलून न्यावं लागू नये म्हणून. मे महिना, चाळीस अंशांचं ऊन. मणक्याची इजा वरच्या भागात असली की खालच्या अंगाला घाम येत नाही, शरीर आतल्या आत तापत जातं. संध्याकाळी त्यांना चक्कर आली. ती चूक आमची होती. तेव्हापासून जागा बघायला जाताना आम्ही आधी टेप काढतो आणि न्हाणीघराकडे जातो. उताराचंही तसंच. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांब उतार हवा. पायरीवर फळी टेकवली म्हणजे उतार होत नाही.

सुरुवातीची दोन वर्षं आम्ही कार्यक्रमच कार्यक्रम ठेवले. जादूगार, ऑर्केस्ट्रा, पाहुणे. एक मंडळ केळी वाटायला आलं, प्रत्येक केळ्यामागे एक फोटो. एका मुलाने केळं नको म्हणून मान फिरवली, तर त्याची हनुवटी धरून कॅमेऱ्याकडे वळवली. मी तिथेच उभा होतो आणि गप्प बसलो, ते मला अजून लागतं. पुढच्या वर्षीपासून पाहुणे बंद. 2016 च्या आपल्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 29 सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीबद्दलच आहे. इतरांच्या बरोबरीने मौज करणं हा हक्क आहे. हक्क देणाऱ्याने सेवा केली, असं कसं म्हणायचं?

मग आम्ही जेनेडच्या सभेची नक्कल केली. रोज सकाळी गोल करून बसायचं आणि रात्रीचं जेवण ठरवायचं. ज्यांना बोलता येतं ते बोलतात, ज्यांना नाही ते चित्रांच्या कार्डाकडे बघतात.

तिथे एक चौतीस वर्षांचा दादा होता. त्याच्या आईने वही दिली होती, सुवाच्य अक्षरात, गोळ्यांच्या वेळा, झोपायची कूस, सगळं. रात्रीच्या जेवणासमोर लिहिलं होतं: दूधभात, मऊ. त्याच्यासमोर आम्ही दोन चित्रं धरली, पिठलं आणि बटाट्याची भाजी. त्याने आधी आमच्या स्वयंसेवक मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, तिला काय हवंय ते शोधायला. ती काही बोलली नाही. तिला ते शिकवलेलं होतं. मग खाली पाहिलं. मान डोलत होती, नजर एका जागी ठरायला वेळ लागतो. माझ्या घड्याळात तीन मिनिटं झाली. गोलात चाळीस माणसं, कुणी हललं नाही. त्याची नजर पिठल्यावर थांबली. आम्ही कार्डांची जागा बदलून पुन्हा विचारलं. पुन्हा पिठलं.

रात्री पातळ पिठल्यात भात कालवला. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, एक घास गिळला की मगच दुसरा. ताटलीभर खाल्लं त्याने. शेवटच्या दिवशी आईला सांगितलं, तर त्या बराच वेळ वही हातात धरून बसल्या. मग माझ्याकडे पेन मागितलं आणि दूधभाताच्या खाली लिहिलं: पिठलं, पातळ.

यंदाचं शिबिर चौदा मेपासून आहे. येत्या रविवारी सकाळी नऊला याच सभागृहात स्वयंसेवकांचा वर्ग घेतोय. खुर्चीतून पलंगावर कसं न्यायचं, फिट आली तर काय करायचं, भरवायचं कसं, एवढंच शिकवतो. अजून सहा जणांना सोबतीला स्वयंसेवक मिळालेला नाही. त्यातल्या दोघांना रात्री कूस बदलायला माणूस लागतं, तेव्हा ज्यांची झोप सावध आहे त्यांनी आजच जाताना मला भेटावं.