प्राध्यापकाला शिकवायला कोण शिकवतं?

[दृश्य: सकाळची वेळ. सिनियर कॉलेजचा जिना, नोटीस बोर्डावर वेळापत्रक. स्टाफरूममध्ये हजेरीपट घेऊन निघालेले प्राध्यापक.]

पहिलीच्या वर्गावर उभं राहायचं तर डी.एड. लागतं, शिवाय टीईटी. नववी-दहावीला शिकवायचं तर बी.एड. त्यात पाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले असतात. फळ्यावरचं अक्षर, विचारलेला प्रश्न, सोडून दिलेलं उत्तर, सगळ्यावर शेरा येतो. तो वाचून काहींना रडू फुटतं, पण आपला वर्ग दुसऱ्याला कसा दिसतो हे एकदा तरी कळतं.

कॉलेजात असं काही नाही. पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. असली की माणूस वर्गावर जायला पात्र होतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. नेट-सेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न असतात आणि त्यातले काही अध्यापनावरचे असतात, पण तेही चारपैकी एक पर्याय निवडायचे. पोहण्यावरचे प्रश्न बरोबर सोडवले म्हणून कोणी विहिरीत ढकलत नाही. इथे मात्र पहिल्या दिवशी हातात वेळापत्रक येतं आणि सांगितलं जातं, ‘सर, एफ.वाय.चा तास तुमचा.’

मग सर काय करतात? त्यांच्या सरांनी जसं शिकवलं तसंच शिकवतात. दुसरं काही पाहिलेलंच नसतं.

[दृश्य: प्रशिक्षण केंद्राचा हॉल. प्रोजेक्टरवर स्लाइड. तीस-चाळीस प्राध्यापक खुर्च्यांवर.]

सरकारला हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमध्ये अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली. पुढे त्यांचं नाव मानव संसाधन विकास केंद्र झालं आणि २०२३मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा अशा विद्यापीठांत ही केंद्रं आली. नव्यांसाठी ओरिएंटेशनचा अभ्यासक्रम, नंतर रिफ्रेशरचा. हे केल्याशिवाय पदोन्नतीची फाइल पुढे सरकत नाही, म्हणून सगळे करतात.

तिथे चांगली माणसंही भेटतात. काही केंद्रांत प्राध्यापकांना छोटा पाठ घ्यायला लावतात आणि त्यावर मनमोकळं बोलतात. पण बऱ्याच ठिकाणी दृश्य ठरलेलं असतं. सकाळी साधनव्यक्तीचा, म्हणजे पाहुण्या व्याख्यात्याचा सत्कार, मग दीड तास व्याख्यान. विषय: व्याख्यान पद्धतीच्या मर्यादा. स्लाइडवर लिहिलेलं असतं की विद्यार्थ्यांना बोलतं करा, आणि समोर बसलेल्या चाळीस प्राध्यापकांपैकी एकानेही दीड तासात तोंड उघडलेलं नसतं. ऑनलाइन असेल तर कॅमेरे बंद. म्हणजे ज्या मुलांबद्दल तक्रार करायची, त्यांच्यासारखेच आपणही मागच्या बाकावर जाऊन बसतो.

[दृश्य: एसटी स्टँड. दप्तर पाठीला लावलेली मुलं-मुली. एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ बघतोय.]

आता त्या मुलांकडे वळू.

केंद्राच्या २०२१-२२च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी नोंदले गेले. १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशी पटसंख्येचं प्रमाण साधारण २८ टक्क्यांवर आलं. घरातलं कॉलेजात जाणारं पहिलंच पोर, असे कितीतरी जण यात आहेत. कोणी संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात उभा राहतो, कोणी पहाटे दूध घालून येतो. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी एफ.वाय.ला इंग्रजी पुस्तक उघडते तेव्हा तिला विषय आणि भाषा दोन्ही एकदमच नवी असतात. तिने विचारायचं म्हटलं तरी ते इंग्रजीत विचारायचं की मराठीत, इथूनच अडखळायला होतं.

पूर्वी सरांच्या तोंडून जे मिळायचं ते दुसरीकडे मिळत नव्हतं, म्हणून वर्ग भरायचे. आता नोट्सची पीडीएफ टेलिग्रामवर आहे, व्याख्यान यूट्यूबवर आहे आणि नोव्हेंबर २०२२पासून गृहपाठ लिहून देणारं चॅटजीपीटीही खिशात आहे. ‘हल्लीची मुलं वर्गात बसत नाहीत’ हे स्टाफरूममधलं रोजचं वाक्य. त्यात थोडं तथ्य आहे. पण वर्गात जर फक्त नोट्सच उतरवून घ्यायच्या असतील, तर न येणाऱ्या मुलाचा हिशेब काही अगदीच चुकीचा नाही.

मग वर्गात असं काय करायचं, जे मोबाइलवर होत नाही?

[दृश्य: संग्रहित छायाचित्रं. हार्वर्ड विद्यापीठाचा परिसर.]

याचं एक उत्तर भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाला सापडलं, आणि तेही नाइलाजाने. एरिक मझूर हार्वर्डमध्ये १९८४पासून शिकवत होते. विद्यार्थ्यांचा अभिप्राय उत्तम, निकाल उत्तम. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या हलून आणि हेस्टेनिस यांनी १९८५मध्ये दाखवलं होतं की अवघड गणितं सोडवणाऱ्या मुलांचीही बलाबद्दलची समजूत कच्ची असते. मझूर यांना वाटलं, आपली मुलं तशी नसणार. त्यांनी तेच साधे प्रश्न आपल्या वर्गाला दिले. एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलं तशी लिहू, की मला वाटतं तशी?

हा प्रश्न आपल्याकडे कोणी मोठ्याने विचारत नाही, एवढंच. मझूर यांच्या मुलांचीही समजूत कच्चीच निघाली. शेवटी त्यांनी मुलांनाच एकमेकांना पटवायला लावलं. तीच पद्धत आपल्याकडे कशी दिसेल ते बघू.

[दृश्य: आपल्याकडचा वर्ग. फळ्यावर ट्रॅक्टर आणि मोटरसायकलचं चित्र.]

तालुक्याच्या ठिकाणचं कुठलंही कॉलेज धरा. एफ.वाय. बी.एस्सी. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगतील: प्रत्येक क्रियेला समान आणि विरुद्ध प्रतिक्रिया असते. सर फळ्यावर चित्र काढतात. उसाने भरलेला ट्रॅक्टर आणि समोरून येणारी मोटरसायकल यांची धडक झाली. जास्त बल कोणी लावलं? एक, ट्रॅक्टरने मोटरसायकलवर. दोन, मोटरसायकलने ट्रॅक्टरवर. तीन, दोघांनी सारखंच.

एक मिनिट कोणी कोणाशी बोलायचं नाही. मग सगळ्यांनी एकदम बोटं दाखवायची, आणि तीही छातीशी धरून. मागच्याला आणि शेजारच्याला दिसायला नकोत, नाहीतर हुशार मुलाकडे बघून वर्ग उत्तर देतो. त्यासाठी ॲप लागत नाही, नेटवर्क लागत नाही.

नियम पाठ असलेल्या या वर्गात एक बोट वर करणारे ढिगाने निघतात.

सर उत्तर सांगत नाहीत. ‘शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा,’ एवढंच म्हणतात. वर्ग मराठीत बोलू लागतो. ‘अरे, सारखं कसं? चुरा तर गाडीचाच होतो ना!’ ‘चुरा होतो कारण गाडी हलकी आहे. बल सारखंच, पण वस्तुमान कमी म्हणून तिचं त्वरण जास्त.’ ‘म्हणजे दुसरा नियम इथे लागला?’ हो, तिथेच लागला. तीन-चार मिनिटांनी पुन्हा बोटं. आता तीनवाली बोटं वाढलेली दिसतात.

हे काम मुलं करू शकतात ते का? ज्याला आत्ताच समजलंय त्याला अडचण कुठे येते हे आठवत असतं. वीस वर्षं शिकवणाऱ्या सरांना ते आठवत नाही. मझूर यांच्या पद्धतीत एक ढोबळ हिशेबही आहे. पहिल्या फेरीत ३० टक्क्यांहून कमी जणांचं बरोबर आलं तर चर्चेत अर्थ नाही, पुन्हा समजावून सांगा. ७० टक्क्यांच्या वर गेलं तर पुढे चला. त्यामधलं काही असेल तर मुलांना एकमेकांशी बोलू द्या.

[दृश्य: पवई. आयआयटी मुंबईचा परिसर.]

‘हार्वर्डला जमेल हो, आमच्या वर्गात दीडशे पोरं असतात,’ ही शंका रास्त आहे. पवईला आयआयटी मुंबईत प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ४५० विद्यार्थी होते. तिथे आधी एकट्याने विचार, मग जोडीने, मग सगळ्या वर्गात, अशी रचना वापरली गेली. संशोधकांनी बाकाबाकावर कोण काय करतंय ते नोंदवलं. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बहुतांश वेळ त्या कामात गुंतलेले होते. तीच मुलं होती आणि तोच भलामोठा हॉल.

याच संस्थेतल्या प्रा. दीपक फाटक यांनी ‘दहा हजार शिक्षकांना शिकवा’ हा उपक्रम उभा केला. पवईहून व्याख्यान थेट देशभरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत दिसायचं आणि उरलेला वेळ स्थानिक केंद्रावर प्रत्यक्ष कामासाठी असायचा. आधी तयार झालेला तिथलाच समन्वयक ते करून घ्यायचा. मला यातला हाताने करायचा भागच महत्त्वाचा वाटतो. प्राध्यापकांना नवं शिकवायचं तर त्यांनाही बसून करायला लावलं पाहिजे, चुका करायला जागा दिली पाहिजे.

[दृश्य: वर्गाबाहेर विद्यार्थ्यांचा घोळका.]

पण हे सुरू केलं की पहिली कुरकुर मुलांकडूनच येते. ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.’ नॅकसाठी, म्हणजे कॉलेजाच्या मूल्यांकनासाठी भरायच्या अभिप्राय फॉर्ममध्ये हे वाक्य आलं की नवा प्राध्यापक दचकतो आणि पुन्हा नोट्स सांगायला लागतो. हार्वर्डमध्येच २०१९च्या एका अभ्यासात हे मोजलं गेलं. मुलांना ओघवतं व्याख्यान ऐकल्यावर जास्त शिकल्यासारखं वाटलं, पण चाचणीत जास्त गुण स्वतः धडपडलेल्या गटाला मिळाले. सुरळीत ऐकताना सगळं समजतंय असं वाटत राहतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांना सरळ सांगावं की हे असं का करतोय आणि सुरुवातीला जड का जाईल.

चॅटजीपीटीच्या बाबतीतही तेच. बंदी घालून घरचं लिखाण थांबत नाही. त्यापेक्षा त्याचंच उत्तर छापून वर्गात आणा आणि यातलं काय चुकलंय ते शोधायला सांगा. मग त्याच मुलाला दोन मिनिटं तोंडी विचारा. कॉपी केलेली असेल तर तिसऱ्या प्रश्नाला कळतं.

[दृश्य: तासिका संपल्यावर नोंदवहीत सही करणारा तरुण प्राध्यापक.]

एक गोष्ट मात्र कुठल्याही प्रशिक्षणाने सुटणार नाही. महाराष्ट्रात बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास घेतले तितके पैसे. ट्रॅक्टरचा तो एक प्रश्न नीट बेतायला, चुकीचे पर्याय खरे वाटतील असे काढायला संध्याकाळ जाते, आणि ती संध्याकाळ नोंदवहीत कुठेच लिहिता येत नाही. पदोन्नतीची रांगच नाही, म्हणून रिफ्रेशरचं आमिषही नाही. अशांना ‘नवीन पद्धती वापरा’ म्हणणं सोपं आहे. खरं तर त्यांच्या वाट्याला येणारे वर्ग मोठे असतात आणि विद्यार्थी सगळ्यात नवखे.

मार्ग आहे तो वाटून घेण्याचा. भौतिकशास्त्रात असे प्रश्न कित्येक वर्षं जमत आलेत. मराठीतून चालणाऱ्या कला-वाणिज्याच्या वर्गांसाठी ते बहुतेकदा शिक्षकालाच लिहावे लागतात. जवळपासच्या चार कॉलेजांतल्या त्याच विषयाच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसून ते लिहिले, तर एकेकाच्या वाट्याला थोडेच येतात. उदाहरणार्थ: दुकानदाराने या महिन्यात नफा ठेवून पन्नास हजारांचा माल उधारीवर विकला. पैसे अजून आलेले नाहीत. या महिन्याचा नफा वाढला का? एफ.वाय. बी.कॉम.ला विचारून बघा, हात दोन्हीकडे जातील. लेखाशास्त्राचा तास तिथूनच सुरू करता येतो.