नहास नकोत, एवढ्यावर जमलेलं सरकार

[दृश्य: कैरो, आबदीन राजवाडा. जुनी छायाचित्रं.]

8 ऑक्टोबर 1944. इजिप्तचा राजा फारूक पंतप्रधान मुस्तफा अल-नहास पाशांना बडतर्फ करतो. आदल्याच दिवशी अलेक्झांड्रियात अरब देशांच्या एकजुटीच्या मसुद्यावर नहासांच्या सरकारनं सही केलेली असते. पण फारूकच्या मनात सल आहे तो 4 फेब्रुवारी 1942 चा. त्या रात्री ब्रिटिश राजदूत लॅम्पसन यांनी राजवाड्याभोवती रणगाडे उभे केले होते. नहासांना पंतप्रधान करा, नाहीतर गादी सोडा. तेव्हा बाविशीही न गाठलेल्या राजानं मान तुकवली. आता दुसरं महायुद्ध इजिप्तपासून दूर सरकलंय, लॅम्पसन रजेवर देशाबाहेर आहेत, आणि फारूक ती संधी साधतो.

नहासांना घालवणं सोपं होतं. 1923 च्या घटनेनं मंत्रिमंडळ काढण्याचा आणि संसद विसर्जित करण्याचा अधिकार राजाला दिलेलाच होता. मतं मात्र नहासांच्या वफ्द पक्षाकडे होती; निवडणूक जरा मोकळी झाली की वफ्दच जिंकायचा. म्हणून राजवाड्यानं चार पक्षांची मोट बांधली.

[दृश्य: अहमद माहिर आणि नुक्राशी यांची छायाचित्रं.]

पंतप्रधान झाले अहमद माहिर, परराष्ट्रमंत्री झाले नुक्राशी. दोघेही मूळचे वफ्दचे. 1924 मध्ये सुदानचे ब्रिटिश गव्हर्नर जनरल सर ली स्टॅक यांचा कैरोत खून झाला, त्या प्रकरणात दोघांवर खटलाही चालला आणि दोघेही निर्दोष सुटले. पुढे नहासांशी बिनसलं तेव्हा त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि त्याला वफ्दचे संस्थापक साद झगलूल यांचं नाव दिलं. सादिस्ट पक्ष. पक्ष फुटला की मूळ नेत्याच्या नावावर हक्क सांगायचा, ही रीत मराठी प्रेक्षकांना नव्यानं समजावून सांगायला नको.

सोबतीला होते जमीनदारांचे मानले जाणारे उदारमतवादी घटनावादी आणि जुना नॅशनल पक्ष. पण या मंत्रिमंडळातला सगळ्यात नाट्यमय माणूस होता चौथ्या पक्षाचा नेता, अर्थमंत्री.

[दृश्य: मक्रम एबेद यांचं छायाचित्र.]

मक्रम एबेद. कॉप्टिक ख्रिश्चन, वफ्दचे सरचिटणीस, फर्डे वक्ते. ब्रिटिशांनी झगलूल यांना सेशेल्स बेटांवर हद्दपार केलं, तेव्हा नहास आणि मक्रम दोघेही त्यांच्याबरोबर होते. इतकी जुनी मैत्री 1942 मध्ये तुटली. नहासांच्या पत्नीच्या नातेवाइकांवर सरकारी मेहेरबानी होते, असा मक्रम यांचा आरोप होता. पक्षातून काढल्यावर त्यांनी आरोपांची यादीच छापून थेट राजाकडे दिली. ‘काळं पुस्तक’ म्हणून ती गाजली. नहासांनी त्यांना आधी संसदेतून घालवलं, मग स्थानबद्ध केलं. सरकार बदललं आणि मक्रम स्थानबद्धतेतून निघाले ते सरळ अर्थखात्याच्या खुर्चीवर. आता हिशेबाच्या वह्या त्यांच्या हाती होत्या, आणि जुन्या दोस्ताचा हिशेब अजून बाकी होता.

जानेवारी 1945 मध्ये निवडणूक झाली. वफ्दनं बहिष्कार घातला, मैदान मोकळंच होतं. 264 पैकी 125 जागा सादिस्टांना. म्हणजे तगडा प्रतिस्पर्धी घरी बसलेला असूनही पंतप्रधानांच्या पक्षाला एकट्यानं बहुमत नाही. चौघांना एकत्र राहणं भागच होतं.

[दृश्य: इजिप्तची संसद, फेरोकालीन शैलीचा दिवाणखाना.]

मग आला युद्धाचा प्रश्न. याल्टा परिषदेत ठरलं होतं, 1 मार्च 1945 पर्यंत जर्मनी किंवा जपानविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्या देशांनाच सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेचं, बोलावणं मिळेल. माहिर यांना हे पटवून द्यावं लागलं नाही. 1940 मध्ये इटलीनं हल्ला केला तेव्हाच इजिप्तनं युद्धात उतरावं असं त्यांचं मत होतं, आणि त्याच मुद्द्यावर सादिस्ट तेव्हाच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. गंमत अशी की त्यांचे सख्खे भाऊ, माजी पंतप्रधान अली माहिर, इजिप्तला युद्धाबाहेर ठेवणाऱ्यांत सगळ्यात पुढे.

रस्त्यावरच्या तरुणांना मात्र यात फक्त ब्रिटिशांची चाकरी दिसत होती.

24 फेब्रुवारी 1945. माहिर प्रतिनिधिगृहात युद्धघोषणेची बाजू मांडतात आणि वरिष्ठ सभागृहाकडे निघतात. दोन सभागृहांच्या मधल्या दिवाणखान्यात महमूद अल-इसावी हा तरुण वकील पुढे येतो आणि गोळ्या झाडतो. माहिर यांचा मृत्यू होतो. संशयावरून मुस्लिम ब्रदरहूड या धार्मिक संघटनेचे नेते हसन अल-बन्ना यांनाही धरलं जातं, मग सोडलं जातं. इसावीला फाशी होते.

निर्णय बदलला नाही. इजिप्तनं युद्ध पुकारलं आणि सॅन फ्रान्सिस्कोत जागा मिळवली. युद्ध पुकारलं ते मित्रराष्ट्रांचा विजय दिसू लागल्यावर. ज्या घोषणेनं पंतप्रधानाचा जीव घेतला, ती मुख्यतः परिषदेच्या दारावर दाखवायची चिठ्ठी होती.

[दृश्य: नुक्राशी. कैरोतले विद्यार्थ्यांचे मोर्चे.]

नुक्राशी पंतप्रधान झाले. मार्चमध्ये कैरोत अरब लीग स्थापन झाली. पायाभरणी नहासांची, मान नव्या सरकारचा. डिसेंबरमध्ये नुक्राशींनी, ब्रिटिश सैन्याला इजिप्तमध्ये राहू देणाऱ्या 1936 च्या कराराची फेरबोलणी करा, असं लंडनला कळवलं. भाषा इतकी नरम की विद्यार्थी खवळले. 9 फेब्रुवारी 1946 ला नाईलवरच्या अब्बास पुलावर पोलिसांनी त्यांच्या मोर्चावर हल्ला चढवला. त्यानंतर आठवडाभरात नुक्राशींनी राजीनामा दिला.

ते पुन्हा पंतप्रधान झाले, आणि 28 डिसेंबर 1948 ला गृहमंत्रालयातच, पोलिसाच्या गणवेशात आलेल्या एका विद्यार्थ्यानं त्यांनाही गोळ्या घातल्या. स्टॅक खटल्यातून एकत्र सुटलेले दोघेही पंतप्रधानपदावर असताना मारले गेले.

जानेवारी 1950 मध्ये वफ्दनं पुन्हा निवडणूक लढवली आणि घवघवीत बहुमत मिळवलं. मंत्रिमंडळ बनवायला फारूकनं बोलावलं ते मुस्तफा अल-नहास पाशांनाच.