ड्रीमकास्टसाठी घरचं एक्स्चेंज

(ऐरोली येथे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ठाणे-बेलापूर रस्त्यानं इथे आला असाल, तर वाटेत डेटा सेंटरच्या त्या थोराड इमारती दिसल्या असतील. मी आज ज्या सर्व्हरबद्दल बोलणार आहे तो या टेबलावर मावलाय आणि वर माझ्या चहालाही जागा उरली आहे. एका वेळी एकच गिऱ्हाईक सांभाळतो. त्या गिऱ्हाइकानं पंचविशी ओलांडली आहे.

गिऱ्हाईक म्हणजे सेगा कंपनीचा ड्रीमकास्ट, टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, म्हणजेच कन्सोल. जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ ला आला, अमेरिकेत ९ सप्टेंबर १९९९ ला. मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून इंटरनेटला जोडणारा भाग, त्याच्याबरोबरच यायचा, आणि कन्सोलच्या बाबतीत तेव्हा हे अप्रूपच होतं. अमेरिकेतल्या यंत्रांना ५६ केचा (म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट), जपान आणि युरोपातल्या यंत्रांना ३३.६ केचा. जानेवारी २००१ मध्ये सेगानं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे पुरती अडीच वर्षंसुद्धा नाहीत. आपल्याकडे जे ड्रीमकास्ट दिसतात ते बहुतेक कुणाच्या तरी मामाच्या बॅगेतून आलेले.

आता घरात फायबर आहे, राउटर आहे, मग या ड्रीमकास्टवर ऑनलाइन खेळायला अडचण कुठे आहे? अडचण अशी, की या यंत्राला आधी टेलिफोन एक्स्चेंज लागतं. इंटरनेटचा नंबर त्याच्या बराच नंतर. पुष्कळ जण विचारतात, कन्सोल उघडून आत काहीतरी बदल करा ना. मला ते पटत नाही. खेळ लिहिणाऱ्यांनी मोडेम गृहीत धरून खेळ लिहिले. यंत्र आहे तसं ठेवायचं आणि भिंतीतल्या फोनच्या खोक्यापलीकडे जे जे होतं, ते आपण उभं करायचं. मजाही त्यातच आहे.

सामान फार नाही. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’ म्हणेन), एक यूएसबी मोडेम, फोनची साधी वायर. मोडेम मात्र पारखून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुने मोडेम ढिगानं मिळायचे, पण त्यातले बरेच नुसते सांगाडे असतात; अर्ध्याहून जास्त काम संगणकावरच्या ड्रायव्हरनं करायचं, आणि तो ड्रायव्हर पायवर चालणाऱ्या लिनक्ससाठी मिळता मिळत नाही. आपल्याला स्वतःचा कंट्रोलर असलेला आणि व्हॉइस मोड येणारा मोडेम हवा. कोनेक्झंटच्या चिपवाले चालतात. व्हॉइस मोड कशाला, ते पुढे कळेलच.

पहिला प्रश्न करंटचा. एक्स्चेंजकडून लाइनवर साधारण ४८ व्होल्ट डीसी येतात. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं आणि वीसएक मिलिअँपिअर करंट वाहू लागतो. मोडेमही लाइन उचलतो तेव्हा हेच होतं. पण दोन मोडेम एकमेकांना नुसत्या वायरनं जोडले, तर त्या वायरीत वीज कुठली? म्हणून वायरीच्या एका तारेत नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक रेझिस्टर ओळीनं घालतात. काही मोडेमना ही बॅटरी लागते, काही तिच्याशिवाय निभावून नेतात. कन्सोल कुठल्या देशातला आहे त्यावरही ते ठरतं. आणि एक सांगून ठेवतो: हा जुगाड चालू टेलिफोन लाइनला कधीही जोडायचा नाही. घंटा वाजवायला त्या लाइनवर ७५ व्होल्टच्या वर एसी येतो. मोडेमही जाईल आणि हातालाही चांगला झटका बसेल.

दुसरा प्रश्न डायल टोनचा. कन्सोलचा मोडेम लाइन उचलून ऐकत बसतो. टोन आला नाही तर ‘डायल टोन नाही’ म्हणून फोन ठेवून देतो. संगणकावर असताना मोडेमला टोनची वाट पाहू नकोस असं सांगता येतं. सगळ्या खेळांत ती सोय हाताशी नसते. इथे व्हॉइस मोड, म्हणजे मोडेमनं लाइनवर आवाज वाजवायची आणि ऐकायची सोय, कामाला येतो. पायला जोडलेला मोडेम लाइन उचलून डायल टोनचं रेकॉर्डिंग वाजवत बसतो. कन्सोल ते ऐकतो, खूश होतो, नंबर फिरवतो. प्रत्येक आकड्याचे दोन सूर एकदम वाजतात. एकाला ६९७ आणि १२०९ हर्ट्झ, दोनला ६९७ आणि १३३६. पहिला आकडा कानी पडला की पाय टोन बंद करतो आणि मोडेमला थेट फोन घ्यायची आज्ञा देतो. घंटा वाजतच नाही. नंबर कुठला लावलाय याच्याशीही काही देणंघेणं नाही, अकरा वेळा एक दाबला तरी फोन लागतो.

आणि मग ते सुप्रसिद्ध किंचाळणं. त्यात नेमकं काय चाललेलं असतं ते ऐकण्यासारखं आहे. उत्तर देणारा मोडेम आधी २१०० हर्ट्झचा सूर लावतो आणि दर ४५० मिलिसेकंदांनी त्याची फेज उलटी करतो. ही सूचना एक्स्चेंजसाठी असते, की बाबा रे, तुझी प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा आता बंद कर, इथे माणसं बोलत नाहीयेत. त्यानंतर दोघं मिळून लाइन तपासतात: १५० पासून ३७५० हर्ट्झपर्यंतचे सूर पाठवून कुठला किती क्षीण झाला ते मोजतात आणि त्यावरून वेग ठरवतात. आमच्या टेबलावर वायर हातभर लांब. प्रतिध्वनी नाही, एक्स्चेंज नाही, खड्ड्यात साचलेलं पावसाचं पाणी नाही. तरीही दोघं ही सगळी तपासणी अगदी इमानेइतबारे करतात. मला तर हा भाग खेळापेक्षा जास्त आवडतो.

इतकी चांगली लाइन मिळूनही वेग ३३.६ केच्या वर जात नाही. ५६ केचं गणित असं होतं, की इंटरनेट कंपनीचं टोक एक्स्चेंजला डिजिटलच जोडलेलं असायचं. ॲनालॉगमध्ये रूपांतर वाटेत फक्त एकदा, तुमच्या बाजूला. आपल्याकडे दोन्ही टोकं ॲनालॉग, त्यामुळे व्ही.३४ या मोडेम-मानकाचे ३३.६ के हीच हद्द. पण त्या काळचे खेळ एवढ्यातच बसवलेले आहेत, काही अडत नाही. विलंब मात्र शंभरेक मिलिसेकंदांनी वाढतो, तो चालवून घ्यायचा.

पुढचं सोपं आहे. लाइन जुळली की पीपीपी, म्हणजे फोन लाइनवरून इंटरनेटचे पॅकेट नेण्याची पद्धत, सुरू होते, कन्सोलला आयपी पत्ता मिळतो आणि पाय त्याचे पॅकेट घरच्या राउटरकडे ढकलतो. पासवर्ड काहीही टाका, विचारणारं कुणी नाही. ड्रीमपाय नावाच्या तयार प्रणालीत हे सगळं जोडूनच येतं. मेमरी कार्डावर उतरवलं की झालं.

राहिला पलीकडचा, खेळाचा सर्व्हर. डिसेंबर २००० मधला ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा खेळ घ्या. तो ज्या नावाचा सर्व्हर शोधतो तो कधीच बंद झालाय. इथे पाय पुन्हा एक थाप मारतो. कन्सोलनं नाव विचारलं की डीएनएसमधून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून, जुन्याऐवजी आजच्या सर्व्हरचा पत्ता देतो. हे आजचे सर्व्हर हौशी लोकांनी खेळाचे पॅकेट एकेक करून वाचून, पलीकडून काय उत्तर यायला हवं ते ताडून लिहिलेत. खरं सांगायचं तर माझं टेबलावरचं काम त्यापुढे काहीच नाही. वायर, बॅटरी, टोन यांची माहिती छापील आहे, कुणीही वाचावी. त्या सर्व्हरचा आराखडा मात्र कुणी देऊन गेलेलं नव्हतं.

एक चिठ्ठी आली आहे. ‘ड्रीमकास्टला इथरनेटचा ब्रॉडबँड अ‍ॅडॉप्टर निघाला होता ना? तो घेतला तर हा खटाटोप वाचेल का?’ मोडेमच्या जागी बसून थेट राउटरला जोडणारा हा अ‍ॅडॉप्टर निघाला होता, बरोबर आहे. पण थोडेच निघाले, त्यामुळे आज त्याची किंमत कन्सोलपेक्षाही जास्त सांगतात. आणि मोजक्याच खेळांना तो ओळखता येतो. बाकीच्यांना मोडेमच लागतो. पैसे असतील तर जरूर घ्या, पण यूएसबी मोडेम विकून टाकू नका.