रेणूचा आकार आणि त्याची दोन टोके

(दृश्य: स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आणि शेजारी सॅनिटायझरची बाटली.)

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये प्रोपेन असतो आणि सॅनिटायझरमध्ये इथेनॉल. प्रोपेनचे रेणुवस्तुमान ४४ आहे आणि इथेनॉलचे ४६, म्हणजे वजनाने हे दोन रेणू जवळजवळ सारखेच आहेत. तरीही नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसलाच उकळतो, तर इथेनॉल उकळण्यासाठी ते ७८ अंशांपर्यंत तापवावे लागते. हा १२० अंशांचा फरक वजनातून निघत नाही. या दोघांच्या मध्ये आणखी दोन संयुगे बसतात: ४६ वस्तुमानाचे डायमिथिल ईथर उणे २५ अंशांच्या आसपास उकळते आणि ४४ वस्तुमानाचे ॲसिटाल्डिहाइड सुमारे २० अंशांना. त्यातही डायमिथिल ईथर आणि इथेनॉल यांच्यात अणूसुद्धा तेच आणि तेवढेच आहेत. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. वेगळी आहे ती फक्त त्यांची मांडणी, आणि या मांडणीमुळे रेणूतला विद्युतप्रभार कुठे जास्त आणि कुठे कमी पडतो, हा आपला आजचा विषय आहे.

दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात तेव्हा सहसंयुज बंध तयार होतो, पण ही वाटणी दर वेळी समसमान नसते. बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेण्याच्या अणूच्या क्षमतेला विद्युतऋणता म्हणतात, आणि रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये तिचे मोजमाप मांडले. आज वापरात असलेल्या त्या मापनश्रेणीवर हायड्रोजन २.२० वर आहे, कार्बन २.५५ वर, ऑक्सिजन ३.४४ वर आणि सर्वांत वर असलेला फ्लोरीन ३.९८ वर. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातले अंतर इतके थोडे आहे की, केवळ या दोन मूलद्रव्यांपासून बनलेल्या प्रोपेनसारख्या रेणूत प्रभाराचा समतोल जवळपास कायम राहतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या बंधात मात्र इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे बरेच झुकतात. ऑक्सिजनच्या बाजूला अंशतः ऋणप्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला अंशतः धनप्रभार निर्माण होतो. अशा बंधाला ध्रुवीय बंध म्हणतात.

(दृश्य: दोन रेणूंच्या प्रतिकृती; एक सरळ, एक वाकलेली.)

येथपर्यंतचा भाग शाळेत बहुतेकांनी वाचलेला असतो, आणि गफलत होते ती याच्या पुढच्या पायरीवर. बंध ध्रुवीय असला म्हणजे रेणूही ध्रुवीय असतोच असे नाही. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांचे दोन्ही बंध चांगलेच ध्रुवीय आहेत, परंतु ते एका सरळ रेषेत, एकमेकांच्या बरोबर विरुद्ध दिशांना आहेत. त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींना निष्प्रभ करतात आणि संपूर्ण रेणू अध्रुवीय ठरतो. पाण्याच्या रेणूतही एका मध्यवर्ती अणूला दोन अणू जोडलेले आहेत, पण तो रेणू १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला आहे. दोन्ही बंधांची ओढ ऑक्सिजनच्या दिशेने एकवटते आणि रेणूला एक ऋण आणि एक धन टोक मिळते. पाणी सरळ रेषेतल्या रेणूंचे असते, तर ते पाणी राहिलेच नसते.

रेणू वाकलेला आहे, हे तो डोळ्यांना दिसत नसताना कळले कसे, हा प्रश्न येथे विचारायलाच हवा. माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग त्याच्या उत्तरात आहे. नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथे १८८४ मध्ये जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ पीटर डिबाय यांनी १९१२ मध्ये एक कल्पना मांडली. धातूच्या दोन समोरासमोर ठेवलेल्या पट्ट्यांमध्ये, म्हणजेच कपॅसिटरमध्ये, एखादा वायू भरला की त्या पट्ट्यांची विद्युतप्रभार साठवण्याची क्षमता थोडी वाढते. डिबाय यांचे म्हणणे असे की, या वाढीला दोन कारणे असू शकतात. पहिले कारण कोणत्याही रेणूला लागू आहे: विद्युतक्षेत्रामुळे रेणूतला इलेक्ट्रॉनांचा ढग किंचित एका बाजूला ओढला जातो, आणि तापमान बदलल्याने यात फारसा फरक पडत नाही. दुसरे कारण फक्त त्या रेणूंना लागू आहे ज्यांना मुळातच धन आणि ऋण टोके आहेत. असे रेणू क्षेत्राच्या दिशेने वळण्याचा प्रयत्न करतात, पण उष्णतेमुळे होणाऱ्या टकरी त्यांची ती शिस्त सतत मोडत राहतात. वायू जितका गरम, तितकी शिस्त कमी.

म्हणून वायूची घनता तीच ठेवून केवळ तापमान वाढवत नेले आणि साठवणक्षमता कमी होत गेली, तर रेणू ध्रुवीय आहे; ती जवळपास तशीच राहिली, तर रेणू अध्रुवीय आहे. शिवाय ती किती वेगाने कमी होते, यावरून ध्रुवीयतेचे माप काढता येते. या मापाला द्विध्रुव आघूर्ण म्हणतात आणि त्याच्या एककाला डिबाय यांचेच नाव आहे. कार्बन डायऑक्साइडसाठी उत्तर शून्य येते, पाण्याच्या बाष्पासाठी १.८५ डिबाय. पाण्याचा रेणू सरळ असता, तर त्याचेही उत्तर शून्यच यायला हवे होते. ते येत नाही, म्हणून तो वाकलेला असलाच पाहिजे. एका पात्रातल्या असंख्य रेणूंवर केलेल्या विजेच्या साध्या मोजमापातून एकट्या रेणूच्या आकाराविषयी हा निष्कर्ष निघतो. द्विध्रुव आघूर्ण आणि वायूंमधील क्ष-किरण व इलेक्ट्रॉन यांचे विवर्तन या कामासाठी डिबाय यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मोजमापे हाती आली तेव्हा काही अनपेक्षित गोष्टीही पुढे आल्या. अमोनियाचे आघूर्ण १.४७ डिबाय आहे. फ्लोरीनची ओढ सर्वांत मोठी असल्यामुळे नायट्रोजन ट्रायफ्लोराइडचे याहून जास्त असेल असे वाटते, पण ते केवळ ०.२३ आहे, कारण नायट्रोजनवरच्या बंधरहित इलेक्ट्रॉन जोडीचा परिणाम तेथे फ्लोरीनच्या ओढीच्या विरुद्ध जातो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर आघूर्ण अवघे ०.११ डिबाय आहे आणि ऋण टोक चक्क कार्बनच्या बाजूला आहे. विद्युतऋणतेच्या आकड्यांची वजाबाकी करून प्रत्येक रेणूचा निकाल लावता येत नाही, तो असा.

(दृश्य: नळाची बारीक धार आणि केसांवर घासलेला प्लॅस्टिकचा कंगवा.)

याच संदर्भात एक प्रयोग नेहमी दाखवला जातो. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार कंगव्याकडे वळते, आणि पाण्याचे रेणू ध्रुवीय असल्याचा तो पुरावा म्हणून सांगितला जातो. प्रयोग देखणा आहे, पण स्पष्टीकरण अपुरे आहे. एकसमान विद्युतक्षेत्रात द्विध्रुवाच्या दोन टोकांवर समान आणि विरुद्ध बले कार्य करत असल्यामुळे तो जागच्या जागी फिरतो, सरकत नाही. धार वळण्यात मोठा वाटा असतो तो पाण्यातल्या आयनांमुळे, म्हणजे प्रभारित कणांमुळे, धारेवर जमणाऱ्या प्रभाराचा. ध्रुवीयतेचा पुरावा हवा असेल, तर तो डिबाय यांच्या कपॅसिटरमध्ये शोधावा.

आता गुणधर्मांकडे वळू. ध्रुवीय रेणूचे धन टोक शेजारच्या रेणूच्या ऋण टोकाला आकर्षित करते, आणि द्रव उकळायचा तर ही आकर्षणे तोडण्याइतकी ऊर्जा द्यावी लागते. इथेनॉल आणि पाण्यात याहून प्रबळ असा हायड्रोजन बंध असतो, म्हणजे ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, म्हणून अवघ्या १८ वस्तुमानाचे पाणी १०० अंशांना उकळते, तर १६ वस्तुमानाचा मिथेन उणे १६१ अंशांनाच वायू होतो. केवळ आकाराचा परिणाम पाहायचा असेल, तर १,२-डायक्लोरोइथीन हे संयुग पाहावे. त्याच्या सिस रूपात दोन्ही क्लोरीन अणू एकाच बाजूला असतात आणि आघूर्ण १.९ डिबाय भरते. ट्रान्स रूपात ते विरुद्ध बाजूंना असतात आणि आघूर्ण शून्य होते. सिस सुमारे ६० अंशांना उकळते, ट्रान्स सुमारे ४८ अंशांना. पण गोठण्याच्या बाबतीत क्रम उलटतो: सममित असलेले ट्रान्स रूप स्फटिकात नीट रचले जाते आणि ते उणे ४९ अंशांच्या आसपासच गोठते, तर सिस उणे ८१ पर्यंत द्रव राहते.

ध्रुवीयतेलाच सगळे श्रेय देण्याचा मोह मात्र टाळायला हवा. क्लोरोफॉर्म ध्रुवीय आहे आणि ६१ अंशांना उकळते. कार्बन टेट्राक्लोराइड पूर्णपणे अध्रुवीय असूनही त्याचा उत्कलनबिंदू ७७ अंशांच्या जवळ आहे. मोठ्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालींमुळेही आकर्षण निर्माण होते, आणि इलेक्ट्रॉन जितके जास्त, तितके ते वाढते. मेणबत्तीचे मेण अध्रुवीय असूनही घन असते ते याचमुळे.

(दृश्य: मिसळीच्या रश्श्यावरचा लाल तवंग, अगदी जवळून, नंतर काचेच्या पेल्यात कोकमाचे आगळ.)

विद्राव्यतेचा भाग मराठी स्वयंपाकघरात उत्तम दिसतो. मिसळीच्या रश्श्यावर तर्रीचा जो लाल तवंग येतो, त्यातला रंग प्रामुख्याने लाल मिरचीतल्या कॅप्सँथिन आणि त्याच्या जातकुळीतल्या रंगद्रव्यांचा असतो. कॅप्सँथिनच्या रेणूत ४० कार्बन, ५६ हायड्रोजन आणि अवघे ३ ऑक्सिजन अणू आहेत. म्हणजे तो बहुतांशी एक लांब अध्रुवीय साखळी आहे. म्हणून फोडणीत तिखट घातले की रंग तेलात उतरतो आणि रस्सा कितीही उकळला तरी तो खालच्या पाण्यात जात नाही. मिरचीतले कॅप्सेसिनही तेलाच्याच बाजूचे आहे. तोंड पोळल्यावर पाणी पिऊन फारसा उपयोग होत नाही आणि दुधाने उतार पडतो, कारण दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवते.

कोकमाचा लालही तितकाच गडद असतो, पण तो पाण्यात उतरतो. कोकमाच्या सालीतल्या मुख्य रंगद्रव्यांपैकी एक सायनिडिन ग्लुकोसाइड आहे. त्यात २१ कार्बन अणूंमागे ११ ऑक्सिजन अणू आहेत, त्याला साखरेचा एक रेणू जोडलेला आहे आणि आंबट द्रावणात त्यावर धनप्रभारही असतो. त्यामुळे मीठ लावलेल्या सालीला सुटणाऱ्या रसातच तो रंग येतो आणि आगळ लालभडक होते. त्याच फळाच्या बियांमधून कोकणात भिरंडेल काढतात. कुटलेल्या बिया पाण्यात उकळल्या की स्निग्ध भाग वर तरंगतो, तो काढून त्याचे गोळे वळतात आणि टाचांच्या भेगांना लावतात. सालीतला ध्रुवीय रंग आणि बीमधला अध्रुवीय स्निग्धांश, दोन्ही वेगळे करण्याचे काम पाणीच करते.

तेल आणि पाणी एकमेकांना दूर लोटतात, हा समज बरोबर नाही. त्यांच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षणच असते. म्हणूनच तेलाचा थेंब पाण्यावर पसरतो. परंतु तेलाच्या रेणूभोवती आलेल्या पाण्याच्या रेणूंना त्याच्याशी हायड्रोजन बंध करता येत नाही आणि शेजारच्या पाण्याशी असलेले बंध टिकवण्यासाठी त्यांना ठरावीक दिशांनाच तोंड करून राहावे लागते. त्यांच्या फिरण्याच्या मोकळिकीवर आलेली ही बंधने तेलाचे रेणू एकत्र आल्याने कमी होतात. मिठाच्या बाबतीत उलट घडते. निर्वात पोकळीच्या तुलनेत पाण्यात दोन प्रभारांमधले आकर्षण सुमारे ८० पटींनी घटते, हेक्झेन या अध्रुवीय द्रवात जेमतेम २ पटींनी. त्यामुळे सोडियम आणि क्लोराइड आयन पाण्यात सहज सुटे होतात, हेक्झेनमध्ये होत नाहीत.

बरेच रेणू या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. मिथेनॉल, इथेनॉल आणि प्रोपेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतात. चार कार्बनच्या सरळ साखळीचे ब्युटेनॉल लिटरभर पाण्यात ७० ग्रॅमच्या आसपासच विरघळते आणि आठ कार्बनचे ऑक्टेनॉल जेमतेम अर्धा ग्रॅम. ध्रुवीय गट प्रत्येकात एकच आहे, वाढत जाते ती अध्रुवीय शेपटी. नवे औषध तयार करताना ते ऑक्टेनॉल आणि पाणी यांच्यात कसे वाटले जाते, हे मोजण्याची पद्धत रूढ आहे, कारण पेशीच्या पटलाचा आतला थरही असाच अध्रुवीय असतो. ऑक्सिजन त्या थरातून सहज पार होतो. ग्लुकोज आणि सोडियम आयन यांना प्रथिनांनी केलेल्या वाटा लागतात. मात्र अध्रुवीय असल्यामुळे ऑक्सिजन पाण्यात फार कमी विरघळतो. एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते, आणि त्यातला सुमारे ३ मिलिलिटरच नुसता विरघळलेला असतो. उरलेला सगळा हिमोग्लोबिनवर स्वार असतो.

(दृश्य: कार्बन डायऑक्साइडची प्रतिकृती, वर-खाली वाकत कंप पावणारी.)

एक गोष्ट सांगायची राहिली. अवरक्त किरण, म्हणजे उष्णता वाहून नेणारे अदृश्य किरण, शोषण्यासाठी रेणूच्या कंपनात त्याचे द्विध्रुव आघूर्ण बदलावे लागते. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन सारख्या अणूंचे रेणू आहेत; ते फक्त लांबतात आणि आखडतात, आणि त्यांचे आघूर्ण शून्यच राहते. कार्बन डायऑक्साइडचे दोन्ही बंध एकाच वेळी लांबले, तर त्याचाही समतोल ढळत नाही. पण तो रेणू वाकतोही. वाकलेल्या क्षणी त्याला तात्पुरती दोन टोके मिळतात, आणि या हालचालीमुळे तो १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषतो. पृथ्वीचा पृष्ठभाग आपली उष्णता ज्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतो, त्यातच ही तरंगलांबी येते. त्यामुळे हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ४२० हून थोडेच अधिक असलेले हे अध्रुवीय रेणू त्या उष्णतेचा मोठा भाग अडवतात.