माणशी ५७३ रुपये

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा टिकेल का?’ उत्तर आधीच सांगून टाकतो. टिकेल, पण आज आहे तसा नाही टिकणार. माणूस खाटेवर आडवा झाल्याशिवाय ही योजना एक रुपया देत नाही, आणि म्हातारपणाचा खरा खर्च त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

ज्यांच्या खिशात किंवा पर्समध्ये आत्ता गोळ्यांची डबी आहे, त्यांनी जरा हात वर करा. बघा, जवळजवळ सगळं सभागृह. आता त्या गोळ्यांचे पैसे ज्यांना आयुष्मान कार्डातून मिळतात, तेवढ्यांनीच वर ठेवा. एकही नाही. घ्या खाली, खांदे दुखतील.

कार्ड तुमच्याकडे आहे, त्यामुळे योजना समजावत बसत नाही. २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. निर्णय चांगलाच आहे. मी नोकरीभर विमा कंपनीत क्लेम तपासले. साठी उलटलेल्या माणसाला पॉलिसी नाकारताना काय काय कारणं दिली जायची, ते मी जवळून पाहिलंय. म्हणून ही योजना बुडू नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी राहतात. जन्मभर शेतमजुरी केलेली, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. कार्ड काढायला गेल्या तर यंत्रावर अंगठा उमटेना. ओल्या फडक्यानं पुसून पाहिला, तेल लावून पाहिलं, शेवटी चेहरा दाखवून काम झालं. कार्ड त्यांनी देवघरात ठेवलं. मला म्हणाल्या, “भाऊ, आता पोरांवर भार नाही.”

आजींना बीपी. रोजची एक गोळी, दोन-तीन रुपयांची. आरोग्य केंद्रात फुकट मिळायची. एकदा तिथल्या गोळ्या संपल्या. पुढच्या आठवड्यात या म्हणाले. जायचं म्हणजे वडापचं भाडं आणि सोबत येणाऱ्या सुनेचा रोज बुडणार. तरी गेल्या. गोळ्या आल्याच नव्हत्या. मेडिकलमधून एक पाकीट आणलं, तेही संपलं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, म्हणून गोळी राहून गेली. या दुखण्याची हीच खोड आहे, ते दुखत नाही. एका पहाटे आजींची उजवी बाजू गेली.

खासगी रुग्णालयात नेलं. मुलानं पहिला प्रश्न विचारला तो आपण सगळेच विचारतो, “योजनेत बसतं का?” बसलं. सीटी स्कॅन, आयसीयू, सगळं कार्डावर झालं आणि आजी वाचल्या. त्याचं श्रेय योजनेलाच. पण हिशेब बघा. ती गोळी वर्षाला हजार रुपयांची. तो हजार द्यायला योजनेत तरतूद नाही. तो न दिल्यामुळे पुढं कितीतरी हजार द्यावे लागले, ते मात्र दिले.

घरी सोडताना सून विचारत होती, हातापायाचा व्यायाम कसा करून घ्यायचा? काउंटरवरून उत्तर आलं, घरात कुणीही करून घेईल. कसा, ते कुणी दाखवलं नाही. सुट्टी झाल्यावर १५ दिवसांपर्यंतचा औषधोपचार योजनेत धरतात. त्यानंतरचा फिजिओथेरपिस्ट, डायपर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, सगळं घरच्या पैशातून. सुनेचं काम सुटलं ते सुटलंच. देवघरातल्या कार्डाचा या कशालाच उपयोग नव्हता. मला चीड येते ती इथं. आजी रुग्णालयात असतील तोवर सरकारच्या, घरी आल्या की सुनेच्या!

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा भरभर सांगतो.

सरकारनं योजनेला मंजुरी देताना लाभार्थी धरले सुमारे ६ कोटी आणि सुरुवातीची तरतूद ठेवली ३,४३७ कोटी रुपये. भागाकार करा. माणशी ५७३ रुपये. तुमच्यापैकी जे सत्तरीनंतर खासगी पॉलिसीचा हप्ता भरतात, त्यांनी तो आकडा शेजारी मांडून बघावा. आज भागतंय, कारण सगळे कार्ड वापरत नाहीत. विम्यात न आजारी पडणाऱ्यांच्या हप्त्यातून आजारी पडणाऱ्यांचं भागतं. इथं गटच सत्तरीपुढचा. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत दर चार ज्येष्ठांमागे तिघांना कुठला ना कुठला जुनाट आजार आढळला होता. म्हणजे पैसा करातूनच यायला हवा. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के करायचं ठरलं होतं. २०२१-२२ मध्ये तो होता १.८४ टक्के. पैसा अपुरा पडला की रुग्णालयांची बिलं तुंबतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हरियाणातल्या खासगी रुग्णालयांनी थकबाकीमुळे योजनेतले उपचारच थांबवले होते.

जपाननं १९७३ मध्ये सत्तरीपुढच्यांना उपचार मोफत केले. घरी बघायला कुणी नाही म्हणून म्हातारी माणसं महिनोन्महिने रुग्णालयात राहू लागली आणि दहा वर्षांत ती मोफत सोय मोडली. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या. २००० पासून घरच्या देखभालीचा वेगळा विमा आणला, त्याचा हप्ता चाळिशीपासून भरायचा. आणि २००८ पासून पंचाहत्तरीपुढच्यांच्या उपचारखर्चाची ढोबळ वाटणी ठरवली, निम्मा सरकारचा, ४० टक्के तरुणांच्या वर्गणीतून, १० टक्के ज्येष्ठांच्या हप्त्यातून. आपल्याकडे इतक्या लोकांना पगारपत्रक नाही की तसा हप्ता कापता येणार नाही. पण देखभालीचा खर्च उपचारापासून वेगळा ओळखणं आणि कुणी किती द्यायचं ते उघड लिहिणं, एवढं तर करता येईल. २०११ मध्ये साठीपुढचे शंभरात नऊसुद्धा नव्हते, २०५० पर्यंत वीसच्या पुढे जातील असा अंदाज आहे.

तेव्हा मागणी करायची ती ५ लाखांचे १० लाख करा अशी नको. बीपी, साखर, दमा यांच्या गोळ्या आणि वर्षाच्या तपासण्या कार्डावर द्या. पक्षाघातानंतर आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने घरी फिजिओथेरपी द्या. रुग्णालयांचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्या. आणि हे आधी मोठ्या कंपन्यांवरच्या करातून करा, नातवंडांच्या नावावर कर्ज काढून नको.

एक काम आपल्या हातातलं आहे. आपापल्या आरोग्य केंद्रात बीपीची गोळी कधी संपली, किती दिवस नव्हती, हे तारखेसह वहीत टिपा. दर महिन्याला त्या नोंदी सचिवांकडे द्या. संघाच्या लेटरहेडवर त्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातील आणि पोच घेतल्याशिवाय आपला माणूस तिथून हलणार नाही.