शॉर्टवेव्हवरून आणि उपग्रहावरून मजकूर: जेएस८कॉल, पॅकेट आणि आवाजाची पातळी

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट, लॅपटॉप, एक हँडहेल्ड आणि हातात धरायचा छोटा यागी.]

नमस्कार मंडळी. इंटरनेट नाही, मोबाइलचा टॉवर नाही, आणि तरी चार ओळींचा मजकूर दीड-दोन हजार किलोमीटरवर पोहोचवायचा आहे. हॅम रेडिओत, म्हणजे परवाना घेऊन चालवायच्या हौशी रेडिओत, याच्या दोन वाटा आहेत. एक शॉर्टवेव्हची, आयनांबरावरून परतणाऱ्या लहरींची. दुसरी डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाची. आज दोन्ही बघू या.

शॉर्टवेव्हवर वेळ हवा तेवढा मिळतो, पण सिग्नल अगदी मरतुकडा असू शकतो. उपग्रहावर सिग्नल चांगला मिळतो, पण वेळ जेमतेम दहा मिनिटं. एवढं डोक्यात ठेवलं की पुढची प्रत्येक सेटिंग तशी का आहे, ते आपोआप कळत जाईल.

आधी शॉर्टवेव्ह. २०१७ साली जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी एफटी८ ही संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत आणली. त्यात कॉलसाइन (स्टेशनचं नाव), ग्रिड (नकाशावरची जागा) आणि सिग्नल रिपोर्ट (सिग्नल किती जोरात आला) एवढीच ठरावीक देवाणघेवाण होते, गप्पा मारता येत नाहीत. २०१८ मध्ये जॉर्डन शेरर यांनी त्याच पायावर जेएस८कॉल उभं केलं आणि त्यात मोकळा मजकूर पाठवायची सोय आली. सॉफ्टवेअर फुकट आहे. ट्रान्समिट करायचं तर हॅम परवाना आणि स्वतःचं कॉलसाइन मात्र हवंच.

[स्क्रीनवर: वॉटरफॉल, मधोमध एक बारीक रेघ]

हा वॉटरफॉल, म्हणजे आलेले सिग्नल दाखवणारं चित्र. त्यातली ही बारीक रेघ बघा, हा एक सिग्नल. नॉर्मल वेगात ती फक्त ५० हर्ट्झ रुंद असते. बोलायला साधारण २५०० हर्ट्झ लागतात. आता बऱ्याच जणांना पडणारा प्रश्न: रिपोर्ट उणे वीस डीबी येतो, म्हणजे गोंगाट सिग्नलच्या शंभरपट, मग वाचलं कसं जातं? कारण तो गोंगाट पूर्ण २५०० हर्ट्झमधला मोजलेला असतो, आणि आपला सिग्नल त्यातल्या ५० हर्ट्झमध्येच असतो. २५०० भागिले ५० म्हणजे ५०, म्हणजेच १७ डीबी. तेवढे डीबी नुसत्या अरुंदपणातून सुटले. उरलेलं काम चूक दुरुस्त करणारं कोडिंग करतं. म्हणून कानाला काहीही ऐकू येत नसताना स्क्रीनवर अक्षरं उमटतात.

वेग चार आहेत. स्लोमध्ये ३० सेकंदांची फ्रेम (एका दमात जाणारा मजकुराचा तुकडा) आणि २५ हर्ट्झ रुंदी. नॉर्मल १५ सेकंद, ५० हर्ट्झ. फास्ट १० सेकंद, ८० हर्ट्झ. टर्बो ६ सेकंद, १६० हर्ट्झ. नॉर्मलमध्ये मिनिटाला साधारण सोळा शब्द जातात, टर्बोत चाळीसच्या आसपास. पहिले कित्येक दिवस नॉर्मलवरच राहा. टर्बो तेव्हाच, जेव्हा समोरच्याचा रिपोर्ट शून्याच्या जवळपास आहे.

डायल २० मीटर बँडवर १४.०७८ मेगाहर्ट्झ, ४० मीटर बँडवर ७.०७८. दिवसा लांब जायचं तर २०, अंधार पडल्यावर ४०. मोड नेहमी यूएसबी, म्हणजे अपर साइडबँड. ४० मीटरवर बोलताना लोअर वापरायची सवय असते आणि तिथेच हमखास चूक होते: रेघा दिसतात, पण एकही शब्द वाचला जात नाही. सेटवर डेटा मोड असेल तर तोच लावा. नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन आणि स्पीच कॉम्प्रेसर तिन्ही बंद.

अँटेना साधा डायपोल पुरतो, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तार. १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. १४.०७८ साठी जवळपास १०.१६ मीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना ५.०८. तार कापताना प्रत्येक बाजूला वीसेक सेंटिमीटर जास्त ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघत थोडी थोडी छाटा. छाटलेली तार परत वाढत नाही.

आता आवाजाची पातळी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथली गफलत फक्त तुम्हालाच नाही, अख्ख्या बँडला भोवते.

घ्यायच्या बाजूला: बँडवर नुसती खरखर असताना सॉफ्टवेअरचा मीटर ३० डीबीच्या आसपास राहील असं बघा. लाल झाला तर साउंड कार्डाची इनपुट पातळी कमी करा. ऑपरेटिंग सिस्टिमचे ध्वनी सुधारणारे सगळे पर्याय बंद करा, आणि सूचनांचे आवाज दुसऱ्या स्पीकरवर टाका. नाहीतर मेल आल्याचा टिंग शॉर्टवेव्हवर ऐकू जातो.

[जवळून: सेटचा मीटर, एएलसीची काडी]

पाठवायच्या बाजूला: १०० वॅटचा सेट असेल तर पॉवर ३० वॅटवर ठेवा. पूर्ण फ्रेमभर कॅरिअर अखंड चालू असतो, बोलण्यासारखा मधेमधे थांबत नाही, त्यामुळे आउटपुट ट्रान्झिस्टर चांगलेच तापतात. ट्यून दाबा. सॉफ्टवेअरचा पॉवर स्लायडर शून्यापासून हळूहळू वर न्या. एएलसीची (आवाज जास्त झाला की पॉवर आवरणाऱ्या सर्किटची) काडी हलायला लागली की थांबा आणि ती पुन्हा शून्यावर बसेपर्यंत स्लायडर खाली आणा. काडी शून्यावर, तीच खरी जागा. काही सेटवर एएलसी थोडा हलला तरी चालतो असं त्यांच्या पुस्तिकेत असतं. तुमच्या सेटची पुस्तिका सांगेल ते खरं.

याच्या वर गेलात तर काय होतं? समजा तुम्ही ६०० हर्ट्झच्या जागेवर आहात. आवाज फाटला की १२०० आणि १८०० वरही तुमच्या सावल्या उमटतात आणि दुसऱ्यांच्या जागा खातात. यावर एक उपाय आहे: ऑफसेट, म्हणजे वॉटरफॉलवरची तुमची जागा, १५०० च्या वर ठेवा. मग पहिली सावलीच ३००० च्या पलीकडे पडते आणि सेटचा फिल्टरच ती कापून टाकतो. तसाही ५०० ते १००० हा पट्टा हार्टबीटसाठी, म्हणजे 'मी इथे आहे' या छोट्या हाकेसाठी, राखलेला असतो, तिथे गप्पा मारत बसू नका.

मग घड्याळ. तुमची आणि समोरच्याची वेळ दोन सेकंदांच्या आत जुळली पाहिजे. इंटरनेट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर जीपीएस रिसीव्हर. तोही नसेल तर जेएस८कॉलच्या टायमिंग टॅबमध्ये आलेल्या सिग्नलवरून स्वतःचं घड्याळ सरकवता येतं. वॉटरफॉलवर ठळक रेघा आहेत आणि वाचलं काहीच जात नाही, असं झालं तर आधी साइडबँड बघा आणि लगेच घड्याळ.

ट्रान्समिट झाल्या झाल्या लॅपटॉपचा माउस अडकला किंवा यूएसबी केबलचं कनेक्शन तुटलं, तर अँटेनाची रेडिओ ऊर्जा (आरएफ) केबलवरून घरात शिरते आहे. पॉवर ५ वॅट करून बघा. दोष गेला तर निदान पक्कं. यूएसबी केबलला फेराइटच्या कड्यावर पाच-सात वेढे द्या, आणि डायपोलच्या मध्याखाली अँटेनाच्या कोॲक्स केबलचेच आठ-दहा वेढे गुंडाळून चोक, म्हणजे ती ऊर्जा अडवणारी गुंडाळी, करा.

[स्क्रीनवर: जेएस८कॉलची खिडकी]

आता पहिला प्रयोग. एचबी बटण दाबा, म्हणजे हार्टबीट. ज्यांनी ऑटो चालू ठेवलंय त्यांची स्टेशनं आपणहून पोच देतात आणि तुमचा सिग्नल किती डीबीने आला तेही कळवतात. पोच आलेल्या एखाद्या स्टेशनवर क्लिक करून 'एसएनआर?' (माझा सिग्नल किती?) विचारा. 'हिअरिंग?' विचारलं तर ते स्टेशन कोणाकोणाला ऐकतंय ते सांगतं, आणि पुढच्या गमतीसाठी हेच लागतं. समजा तुम्हाला तिसऱ्या स्टेशनला निरोप द्यायचाय, पण ते आत्ता तुमच्या टप्प्यात नाही. मग मधल्या स्टेशनला 'एमएसजी टू' आणि तिसऱ्याचं कॉलसाइन लिहून मजकूर द्या. तो मधल्या स्टेशनच्या संगणकात पडून राहतो. तिसऱ्याने सवडीने 'क्वेरी एमएसजीएस' विचारलं की त्याला कळतं, निरोप आहे. मजकूर आखूड ठेवा. एक फ्रेम गळली की वाक्याच्या मधलाच तुकडा जातो, म्हणून महत्त्वाचा आकडा दोनदा लिहा.

मजकूर गुप्त सांकेतिक भाषेत लिहायचा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार देशादेशांमधल्या हौशी स्टेशनांना अर्थ लपवण्यासाठी कोडिंग करता येत नाही. जे पाठवाल ते कोणीही वाचू शकतं, हे धरूनच लिहा.

[हँडहेल्ड आणि यागी हातात घेऊन]

आता उपग्रह. सुरुवातीला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाइतकं सोपं दुसरं काही नाही. त्यावरचा पॅकेट डिजिपीटर, म्हणजे मजकुराची डिजिटल पाकिटं ऐकून पुन्हा पाठवणारा सेट, १४५.८२५ मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर लगेच परत पाठवतो. वेग १२०० बॉड (सेकंदाला १२०० चिन्हं), आवाजातले दोन सूर १२०० आणि २२०० हर्ट्झ. स्थानकावर कधी पॅकेट चालू असतं, कधी बंद, तेव्हा आधी ऐका. एकही पॅकेट येत नसेल तर ट्रान्समिट करत राहू नका.

स्थानक साधारण ४०० ते ४२० किलोमीटर उंचीवर आहे. क्षितिजावर उगवतं तेव्हा ते तुमच्यापासून जवळपास २३५० किलोमीटरवर असतं, डोक्यावर आल्यावर ४२०. अंतर साडेपाच पटीने कमी, म्हणजे सिग्नलमध्ये १५ डीबीचा फरक. म्हणून उगवल्या उगवल्या धडपडू नका. पंधरा-वीस अंश वर येऊ द्या. कुठून कुठे जाईल ते जीप्रेडिक्ट किंवा फोनवरच्या लुक४सॅटमध्ये बघा, आणि कक्षेची माहिती त्याच दिवशी ताजी करून घ्या. स्थानकाची उंची अधूनमधून इंजिन चालवून वाढवतात, जुन्या माहितीवर वेळ चुकते.

पाच वॅटचा हँडहेल्ड आणि तीन एलिमेंटचा (दांड्यांचा) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायचा अँटेना, पुरतो. सेटसोबतच्या रबरी अँटेनावर ऐकू येईल, पण तुमचं पॅकेट वर पोहोचेल याचा भरवसा नाही. यागी नुसता रोखून धरू नका, मनगटातून फिरवत राहा, कारण येणाऱ्या लहरीचं ध्रुवीकरण सतत बदलतं. डॉप्लरने, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी साडेतीन किलोहर्ट्झपर्यंत सरकते. वाइड एफएम ते सहन करतं, नॅरोमध्ये पॅकेट फाटतं.

सेटवर दोन गोष्टी नक्की करा. बॅटरी सेव्हर बंद. तो चालू असेल तर रिसीव्हर मधेमधे झोपतो आणि पॅकेटचं डोकंच हुकतं. दुसरं, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा. अख्खं पॅकेट सेकंदाच्या आत संपतं, स्क्वेल्च उघडेपर्यंत थांबायला त्याला वेळ नाही.

लॅपटॉपवर डायरवुल्फ हा पॅकेट वाचणारा-पाठवणारा प्रोग्रॅम चालवा. प्रत्येक पॅकेटसोबत तो आवाजाची पातळी छापतो, ती ५० च्या आसपास आणा. ट्रान्समिटची सुरुवातीची उसंत ३०० मिलिसेकंद. पाथमध्ये, म्हणजे पॅकेट कोणामार्फत जावं ते लिहायच्या जागी, फक्त 'एआरआयएसएस' लिहा. जमिनीवरच्या डिजिपीटरसाठी आपण जो वाइड पाथ लिहितो तो इथे चालत नाही. मजकुराची मर्यादा ६७ अक्षरं. पोच येईपर्यंत आपोआप पुन्हा पाठवणारी सोय बंद ठेवा आणि बटण स्वतः दाबा, दोन पॅकेटांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. स्थानकाच्या पायाखालच्या हजारो किलोमीटरच्या वर्तुळातले सगळे हॅम एकाच फ्रिक्वेन्सीवर असतात आणि ते एकमेकांना ऐकू शकत नाहीत. दोघे एकदम बोलले की सहसा दोघांचंही वाया जातं.

पीटीटी (ट्रान्समिट चालू करायची कळ) व्हॉक्सवर, म्हणजे आवाज आला की आपोआप ट्रान्समिट चालू करणाऱ्या सोयीवर, चालवत असाल तर एक अडचण येते. आवाज संपल्यावरही व्हॉक्स काही क्षण ट्रान्समिट सोडत नाही. तेवढ्यात स्थानकाने तुमचं पॅकेट परत पाठवलेलं असतं आणि ते ऐकायला तुमचा रिसीव्हर चालूच नसतो. पॅकेट पोहोचलं, पण तुम्हाला कळलं नाही. व्हॉक्सचा विलंब सगळ्यात कमी करा, किंवा सरळ पीटीटीची वायर जोडा.

भूस्थिर उपग्रहाबद्दल थोडक्यात. क्यूओ-१०० हा २५.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेला. तो जागचा हलत नाही, म्हणजे वेळेची घाई संपली. पण तो खाली पाठवतो १०,४८९ मेगाहर्ट्झच्या पुढे, आणि तिथे डिश अँटेनाच्या एलएनबीचा (डिशसमोर बसणाऱ्या रिसीव्हरच्या डबीचा) ऑसिलेटर दहा लाखांत एक भाग सरकला तरी सिग्नल १० किलोहर्ट्झ हलतो. जेएस८ ची ५० हर्ट्झची रेघ त्यात कुठल्या कुठे जाईल. साधा एलएनबी ऊन-सावलीतसुद्धा सरकतो. म्हणून आधी टीसीएक्सओ (तापमानाने फारसा न सरकणारा ऑसिलेटर) किंवा जीपीएसने बांधलेला एलएनबी, मग अरुंद मोड. आणि आपला सिग्नल तिथल्या बीकनपेक्षा (सतत चालू असलेल्या खुणेच्या सिग्नलपेक्षा) कधीही वर जाऊ द्यायचा नाही.

[स्क्रीनवर: डायरवुल्फची खिडकी, एक ओळ जवळून]

आज एवढी एक ओळ शोधा. सुरुवातीला तुमचं कॉलसाइन, पुढे 'आरएस०आयएसएस', म्हणजे स्थानकाचं कॉलसाइन, आणि त्याला चिकटून एक चांदणी (*). ती चांदणी दिसली म्हणजे तुमचं पॅकेट वर जाऊन परत आलं. चांदणी नसलेली ओळ म्हणजे ते पॅकेट जवळच्याच कोणाकडून थेट आलंय. तसं झालं तर यागी थोडा फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि पुन्हा पाठवा.