सोलापुरात बारा कधी वाजतात?

दुपारचे बारा वाजलेत, आणि ऊन म्हणाल तर सोलापूरचं ऊन, त्यात काय सांगायचं. पण सूर्य अजून डोक्यावर आलेला नाही बरं का. देशाचं घड्याळ लावलंय साडेब्याऐंशी रेखांशावर, तिकडं मिर्झापूरच्या बाजूला, आणि आपण येतो जवळपास 76 वर, एका अंशाला 4 मिनिटं धरा, म्हणजे आपली खरी दुपार साधारण 26 मिनिटं उशिरा. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सावली पायाखाली गायब होते ना, तेव्हा बघा घड्याळात, बारा वीस तरी होऊन गेलेले असतात. 1906 साली ही एक वेळ सगळ्यांसाठी ठरली, रेल्वेला नि ऑफिसला बरी पडते, सूर्याला कुणी विचारलेलं नाही.

सोलापूरला मात्र वेळ सांगायचा भोंगा. 1877 ची जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ह्या मिल, भोंगा झाला की चूल पेटायची, डबा भरायचा, माणसं निघायची, घड्याळं सुद्धा त्यावर लावायची. आता गंमत बघा. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, म्हणजे मिलपासून दोन किलोमीटरवर राहणाऱ्याला भोंगा सहा सेकंद उशिरा ऐकू येणार, गेटवरच्याचं 'आत्ता' वेगळं आणि ह्याचं वेगळं. उन्हाचं तर विचारूच नका, अंगावर पडलेलं ऊन सूर्यावरनं निघून आठ मिनिटं झालेली असतात.

मग 'वर्तमानात जगा' म्हणतात ते नेमकं कुठल्या वर्तमानात? रोज सकाळी मोबाईलवर हाच मेसेज येतो आणि तो वाचता वाचता चहा गार होतो. 2010 मधे अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 2250 माणसांना फोनवर मधेच गाठून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठंय, तर जवळजवळ 47 टक्के वेळा मन भलतीकडंच होतं, आणि तेव्हा माणसं एकूण कमी खूश होती, मन चांगल्या विचारात असलं तरी हातातल्या कामात असताना असतात त्यापेक्षा जास्त खूश काही नव्हती.

आता हा माग बघा, सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, चादरीचा. वर जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं टांगलेली आहेत, भोकं पाडलेली, कुठला धागा कधी उचलायचा ते सगळं त्यात आधीच ठरलंय. खाली विणलेली चादर गुंडाळत चाललीय, ती आता बदलणार नाही. काम चालू आहे फक्त आडवा धागा घेऊन धोटा जातो नि तो धागा बसवायला फणी आपटते त्या एका रेषेवर. मला विचाराल तर काळ असाच असावा, पण हे माझं मत, मागवाल्याला असला विचार करायला वेळ नाही, त्याचं लक्ष धाग्यावर, तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू. खटखटाटात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही. आणि ह्याला सुखाबिखाचं नाव द्यायची घाई नको, दिवसभर उभं राहून पाय दुखतात, मन घराकडं जातं, जाणारच की.

आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, शहरातल्या 68 लिंगांना फेरी होते, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस ती उंच काठी पेलून चालत असतो आणि दोन्ही बाजूंनी आपण सगळे मोबाईल वर धरून, म्हणजे बघायचं ते नंतर घरी! त्याला तशी सोय नाही. सराव आधीपासून चालतो, नियोजन असतं, त्याशिवाय जमणारच नाही, म्हणून उद्याचा विचारच करू नका म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. पण काठी उचलल्यावर तोल गेलाच तर तो तिथंच सावरायला लागतो, वर काठी हलली की खाली पाय हलवायचा, मागच्या वर्षी कसं केलं ते आठवत बसलात तर गेलं. दमला की सोबतचे असतातच, काठी दुसऱ्याकडं जाते आणि मिरवणूक पुढं सरकते.